कार्डावरचे रिकामे रकाने

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरात कागदांची एक जाड पिशवी असते. एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म, ईईजीचा रिपोर्ट, फिट्सच्या औषधांच्या चिठ्ठ्या, फिजिओथेरपीची फाईल, दिव्यांगत्वाचा दाखला, यूडीआयडी कार्ड. कल्याणहून परळला जायचं असो की ठाण्याच्या सिव्हिलला, ही पिशवी आईच्या खांद्याला असतेच. माता-बाल संरक्षण कार्ड, म्हणजे लसींची नोंद असलेलं कार्ड, या पिशवीच्या तळाशी सापडतं, किंवा सापडतच नाही. सापडलं आणि उघडलं, तर पुष्कळदा जन्मावेळचे रकाने अर्धवट भरलेले असतात, सहाव्या आठवड्याची एखादी तारीख असते आणि पुढे सगळं कोरं.

हे कोरेपण कुणी ठरवून आणलेलं नसतं. ‘या मुलाला लस देऊ नका’ असं कुठल्याच डॉक्टरने लिहून दिलेलं नसतं. एकदा अंग कोमट लागलं म्हणून ‘पुढच्या आठवड्यात या’ झालं. एकदा लस टोचणाऱ्या ताईंनी ‘फिट येते ना, मग आधी मोठ्या डॉक्टरांना विचारा’ म्हटलं. मोठ्या डॉक्टरांकडे दोन तास थांबून नंबर लागला तेव्हा बोलणं फिटच्या गोळीवर झालं, लसीचा विषय निघालाच नाही. फिजिओथेरपिस्टला वाटलं की बालरोगतज्ज्ञ बघत असतील. बालरोगतज्ज्ञांना वाटलं की महापालिकेच्या केंद्रात होत असेल. घरी आजी म्हणाली, पोर आधीच इतकं नाजूक, त्यात आणखी सुई कशाला. प्रत्येकाचं म्हणणं त्या दिवसापुरतं समजण्यासारखं होतं. सगळं मिळून मात्र असं घडलं की ज्या मुलाला लशींची गरज इतरांहून अधिक, तेच लशीवाचून राहिलं. ठाणे, कळवा, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात हे घडू नये इतकी साधनं आज आपल्याकडे आहेत, म्हणून हा लेख.

सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात झालेली इजा. ही इजा पुढे पसरत नाही. तिचे परिणाम मात्र जन्मभर सोबत राहतात: हातापायांचा घट्टपणा, मान न धरणं, तोल न सांभाळणं, गिळायला त्रास, काहींना फिट्स, काहींना दिसण्या-ऐकण्याची अडचण. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून काढलेला अंदाज हजार मुलांमागे साधारण तिघांचा आहे. २०११च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत सुमारे साडेअठरा लाख आणि कल्याण-डोंबिवलीत सुमारे साडेबारा लाख लोक होते. त्यातली सहा वर्षांखालची मुलं दहा टक्के धरली, तरी या दोन शहरांत अशी शेकडो मुलं निघतील. आज लोकसंख्या त्याहून कितीतरी वाढली आहे.

या मुलांचं खरं दुखणं अनेकदा छातीत असतं. गिळताना ठसका लागतो, तेव्हा घासातला किंवा लाळेतला थोडा अंश फुप्फुसात उतरतो. छातीचे स्नायू कमजोर आणि पाठीचा कणा वाकडा असला की खोकल्यात जोर राहत नाही आणि कफ आतच साठतो. जेवण भरवायला तास-तास लागतो, तरी वजन वाढत नाही. अशा छातीत फ्लू, न्यूमोकोकस, गोवर किंवा डांग्या खोकला शिरला तर इतर मुलाचं आठ दिवसांचं आजारपण इथे ऑक्सिजनपर्यंत जातं. या मुलांच्या अकाली मृत्यूंमागे श्वसनाचे आजार हे सर्वांत मोठं कारण आहे.

२००९च्या स्वाइन फ्लूच्या साथीतला अमेरिकेचा हिशेब अंगावर काटा आणणारा आहे. आधीच्या आजारांची माहिती मिळू शकली अशा ३३६ बालमृत्यूंचा अभ्यास झाला. २२७ मुलांना आधीपासून काही ना काही आजार होता आणि त्यातल्या १४६ मुलांचा आजार मेंदू किंवा मज्जासंस्थेचा होता. दमा, हृदयविकार, मधुमेह सगळे मागे राहिले. आपल्याकडे त्या साथीतला पहिला मृत्यू पुण्यात नोंदला गेला, तेव्हा रांगा लावून तपासण्या करून घेणाऱ्या गर्दीत सर्वाधिक धोका कुणाला आहे, याचा उच्चार फारसा झाला नाही.

गोवराचं उदाहरण आणखी जवळचं आहे. २०२२च्या शेवटी मुंबईत गोवंडीपासून गोवर पसरला आणि ठाणे जिल्ह्यात भिवंडीला त्याची झळ लागली. केंद्राने उद्रेक झालेल्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेला लशीचा जादा डोस द्यायला सांगितलं. गोवर हा हवेतून पसरणारा, अत्यंत सांसर्गिक आजार. घरातून बाहेर न पडणाऱ्या मुलालाही तो भावंडाच्या दप्तरासोबत घरात येऊन गाठतो. ‘आमचा कुठे बाहेर जातो, त्याला काय होणार’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

मग भीती कुठून आली? आईच्या मनातल्या भीतीला कॅलेंडरचा आधार असतो, तो समजून घेतल्याशिवाय तिला नुसतं ‘घाबरू नका’ म्हणणं अन्यायाचं आहे. डांग्या खोकल्याचा घटक असलेली पेंटाव्हॅलंट लस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांवर दिली जाते. बाळ मान धरत नाही, मुठी उघडत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात हे घरच्यांच्या लक्षात यायला लागतं ते चौथ्या-सहाव्या महिन्यात. काही बाळांना फिट्सही याच वयात सुरू होतात. इजा जन्माच्या आसपास झालेली असते, पण दिसते लशीनंतर. लस दिली, दोन दिवस ताप आला आणि मग बाळ बदललं, अशी आठवण आईच्या मनात पक्की बसते. ती खोटं बोलत नसते. तिने पाहिलेला क्रम खरा असतो, त्यातून निघणारा कार्यकारणभाव खरा नसतो.

याच क्रमाने एकेकाळी मोठमोठे देश फसले. १९७४ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी डांग्या खोकल्याच्या लशीनंतर मेंदूचा त्रास झाल्याचं वाटणाऱ्या ३६ मुलांची हकिगत छापली. वर्तमानपत्रं आणि टीव्हीने ती उचलली. ब्रिटनमध्ये या लशीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून काही वर्षांत ३० टक्क्यांच्या आसपास घसरलं आणि डांग्या खोकल्याच्या मोठ्या साथी आल्या. जपानने १९७५ साली ही लस काही काळ थांबवली. १९७९ साली तिथे डांग्या खोकल्याचे सुमारे १३ हजार रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले. १९८८ साली लंडनच्या न्यायालयात दीर्घ सुनावणीनंतर न्यायमूर्तींनी निष्कर्ष काढला की या लशीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध झालेलं नाही.

उलगडा त्याहून अठरा वर्षांनी झाला, आणि तो मला या सगळ्या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युएल बर्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लशीमुळे मेंदूला इजा’ असा शिक्का बसलेल्या १४ जणांची जनुकं तपासली. ११ जणांत एससीएन१ए या जनुकात बदल सापडला. त्यांना ड्राव्हे सिंड्रोम किंवा त्याच जातीची अपस्मार व्याधी होती. ही व्याधी जन्मतःच असते आणि साधारण सहा महिन्यांच्या सुमाराला कुठल्याही तापाने जागी होते. ज्या आईवडिलांनी ‘आम्ही टोचायला नेलं म्हणून झालं’ असं म्हणत आयुष्य काढलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरवण्याचं काम या अभ्यासाने केलं.

आज भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा, आयएपीचा, सल्ला स्पष्ट आहे. सेरेब्रल पाल्सी ही स्थिर अवस्था आहे आणि ती लस टाळण्याचं कारण नाही. औषधाने आटोक्यात असलेल्या फिट्स हेही कारण नाही. लस थांबवायची ती मोजक्या प्रसंगी. आधीच्या डोसनंतर जीवघेणी अॅलर्जी झाली असेल, किंवा डांग्या खोकल्याचा घटक असलेल्या डोसनंतर सात दिवसांच्या आत दुसरं कारण न सापडणारा गंभीर मेंदूविकार झाला असेल, तर तो घटक पुन्हा देत नाहीत. मेंदूचा आजार दिवसेंदिवस वाढतो आहे किंवा फिट्स अजून आवरत नाहीत, तर निदान स्पष्ट होऊन मूल स्थिरावेपर्यंत तेवढा डांग्या खोकल्याचा घटक पुढे ढकलतात. पोलिओ, गोवर, न्यूमोकोकल यांचा त्याच्याशी संबंध नाही. घोटाळा इथेच होतो. एक घटक काही महिने थांबवण्याचा सल्ला घरी पोचेपर्यंत ‘लशी बंद’ असा होतो, आणि तो पुन्हा उघडायची तारीख कुणी देत नाही.

वेस्ट सिंड्रोम या फिट्सच्या प्रकारात बाळाला काही आठवडे स्टिरॉइड द्यावं लागतं. मोठ्या मात्रेत दोन आठवडे किंवा अधिक दिलं असेल, तर गोवर-रुबेलासारखी जिवंत जिवाणू-विषाणूंची लस औषध थांबल्यावर किमान महिनाभराने देतात. स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं आणि बॅक्लोफेनच्या गोळ्या, फिट्सची रोजची औषधं यांपैकी कशासाठीही लस थांबवावी लागत नाही.

गोंधळाचा आणखी एक उगम एनआयसीयूत आहे. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची वाढ मोजताना डॉक्टर ‘करेक्टेड एज’ धरतात: दोन महिने आधी जन्मलं, तर सहा महिन्यांच्या बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा. हे हिशेब आईच्या अंगवळणी पडतात आणि ती लशीलाही तेच वय लावते. लशीचं वय मात्र जन्मतारखेपासूनच मोजायचं. बाळ दीड महिना काचेच्या पेटीत असेल, तरी सहा आठवडे झाले की त्याची वेळ झाली. डिस्चार्जच्या गडबडीत बीसीजी आणि हिपॅटायटिस बीचे डोस राहून जातात. पहिलं बाळंतपण माहेरी साताऱ्याला किंवा जळगावला झालेलं असतं, कार्ड तिथेच राहतं आणि डोंबिवलीत नवं कार्ड काढताना मागच्या नोंदी अंदाजाने भरल्या जातात.

कल्याण-डोंबिवलीत लस घराजवळच मिळायला हवी आणि एरवी मिळतेही: नागरी आरोग्य केंद्रात, वस्तीत भरणाऱ्या सत्रांत, कल्याणच्या रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीच्या शास्त्रीनगर रुग्णालयात. ठाण्यात महापालिकेची केंद्रं आणि कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. पण केंद्रातून ‘मोठ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा’ असं ऐकू आलं की दोन इंजेक्शनांचा प्रश्न परळच्या वाडिया रुग्णालयापर्यंत लांबतो. बारा किलोचं, अंग ताठ करणारं मूल कडेवर घेऊन डोंबिवलीचा पूर्व-पश्चिम पूल चढायचा, दिव्यांगांच्या डब्यात ‘मूल तर मांडीवर आहे, मग इथे कशाला’ असे प्रश्न झेलायचे, बाबांचा दिवसाचा पगार बुडवायचा. डोंबिवलीतल्या जुन्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. पाच-सहा वर्षांचं मूल तिसऱ्या मजल्यावरून खाली आणणं ही एका माणसाची ताकद राहत नाही. असा प्रवास करून आलेल्या आईला ‘आज मुलं कमी आहेत, कुपी फोडली तर वाया जाईल, गुरुवारी या’ असं सांगितलं गेलं, तर ती पुन्हा येत नाही. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी एकदा तयार केली की चार तासांत संपवावी लागते हे खरं. पण एकच मूल आलं तरी कुपी उघडायची, मुलाला परत पाठवायचं नाही, अशी लसीकरण कार्यक्रमाची सूचना आहे. वाया गेलेल्या चार डोसांपेक्षा परत गेलेलं एक मूल महाग पडतं.

टोचण्याच्या टेबलावरही थोडं ज्ञान लागतं, आणि ते अवघड नाही. घट्टपणा असलेल्या मुलाला दचकवलं किंवा दाबून धरलं की स्नायू आणखी आवळतात. त्याला आईच्या मांडीवर अर्धवट बसतं करून, खुबा आणि गुडघा हळूच दुमडून, पाय सैल होईपर्यंत थांबायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला पुढे टोचायचं. मोठ्या मुलाच्या दंडाचे स्नायू रोडावलेले असतील तर मांडीचीच निवड करायची. पोलिओ आणि रोटाचे थेंब डोकं मागे टाकून कधीच द्यायचे नाहीत. मूल बसतं ठेवून, गालाच्या आतल्या बाजूला, एकेक थेंब गिळू देत द्यायचे. आईला हे सगळं माहीत असतं, कारण ती रोज असंच भरवते. लस देणाऱ्या ताईंनी फक्त तिला विचारायला हवं.

तापाचं नियोजन आधी करावं. पेंटाव्हॅलंट किंवा डीपीटीनंतर ताप आला तर पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवर-रुबेलानंतरचा ताप पाचव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान येऊ शकतो. हे माहीत नसलेली आई आठव्या दिवशीच्या तापाने आणि त्यातून आलेल्या फिटने हादरते. तापात फिट येण्याची शक्यता असलेल्या मुलाच्या डॉक्टरांकडून तीन ओळी लिहून घ्याव्यात: पॅरासिटामॉल किती मिली आणि किती तासांनी, फिटची नेहमीची औषधं न चुकवणं, आणि फिट पाच मिनिटांवर गेली तर नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे किती. त्यात चौथी ओळ घालायला सांगावी: ‘या मुलाला वेळापत्रकाप्रमाणे सर्व लशी द्याव्यात.’ खाली सही आणि शिक्का. माझ्या मते या एका ओळीने केंद्राच्या दारातून परत येण्याच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. ही ओळ लिहायला न्यूरॉलॉजिस्टला अर्धा मिनिटही लागत नाही.

मुलाला वरचेवर पाहणारा माणूस मात्र न्यूरॉलॉजिस्ट नसतो. तो फिजिओथेरपिस्ट असतो, ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतो, विशेष शाळेतल्या बाई असतात. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’सारखी विशेष शाळा आहे, डोंबिवली-कल्याणमध्ये संस्थांनी चालवलेल्या शाळा आहेत. प्रवेशाच्या अर्जासोबत जन्मदाखला मागतात तसं लसीचं कार्ड मागितलं आणि दर जूनमध्ये पुन्हा पाहिलं, तर खर्च शून्य आहे. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तेव्हा शिक्षण आणि उपचार एका छताखाली आणण्याची कल्पनाच नवी होती. पन्नास वर्षांनंतर त्याच छताखाली लसीची चौकशीही यायला काय हरकत आहे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरातला प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा मुलं तपासतात. तपासायच्या आजारांच्या यादीत हातापायांच्या हालचालींतला मेंदूजन्य दोष आहे. पण पथक अंगणवाडीत जातं आणि हे मूल असतं तिसऱ्या मजल्यावर, घरात. शाळेच्या मांडवात मिळणाऱ्या दहाव्या आणि सोळाव्या वर्षाच्या टीडी लशीचंही तेच होतं. २७ नोव्हेंबर २०१८ला महाराष्ट्रात नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांची गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तिचा मुख्य भार शाळांवर होता. ज्याला शाळाच नाही, त्याच्याकडे कुणीतरी मुद्दाम गेलं तरच लस पोचणार. विलक्षण दुःखाची गोष्ट अशी की गरोदरपणातला रुबेला, तान्हेपणातला हिब किंवा न्यूमोकोकल जिवाणूंचा मेंदूज्वर यांमुळे काही मुलांच्या मेंदूला इजा होते आणि ती लशींनी टळू शकते. यांतल्या बहुतेक लशी पुण्यात बनतात आणि जगभर जातात.

घरी जाऊन लस देता येते का? २०२१ साली हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला. अंथरुणाला खिळलेल्यांना, दिव्यांगांना आणि पंचाहत्तरीपुढच्यांना कोविडची लस घरी द्यावी, अशी याचिका ध्रुती कपाडिया आणि कुणाल तिवारी या वकिलांनी केली होती. सुरुवातीला शक्य नाही म्हणणारी यंत्रणा त्याच वर्षी जुलैअखेर मुंबईत घरोघरी गेली, आणि सप्टेंबरमध्ये केंद्रानेही देशभर तशी मुभा दिली. लसवाहक डबा, बर्फाच्या लाद्या, परिचारिका, अर्धा तास देखरेख, सगळं तेच. मग मुलांच्या लशीसाठी का नाही? वॉर्डातल्या आशाताईंकडे अशा मुलांची यादी असेल, तर तीन-चार घरं एका सकाळी जोडून घेता येतात आणि कुपीही वाया जात नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ने सेरेब्रल पाल्सीला वेगळं नाव देऊन यादीत घेतलं. त्याच्या २५व्या कलमात दिव्यांगांना तपासणी आणि उपचारात प्राधान्य आणि सरकारी-खासगी रुग्णालयांत अडथळाविरहित प्रवेश देण्याचं बंधन आहे. केंद्राच्या रांगेत ‘आधी आमचा नंबर घ्या’ म्हणणारी आई उपकार मागत नसते.

एक लस सरकारी वेळापत्रकात नाही: फ्लूची. सहा महिन्यांपुढच्या, ठसका लागणाऱ्या मुलाला ती दरवर्षी, शक्यतो पावसाळ्याआधी हवी. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. खासगीत एका डोसला दीड-दोन हजार जातात, म्हणजे थेरपीच्या काही दिवसांचे पैसे. शहरातल्या रोटरी, लायन्स, गणेश मंडळांनी रक्तदानासोबत हे एक शिबिर घेतलं, तर त्या मुलांचा जुलै-ऑगस्ट रुग्णालयाबाहेर जाईल.

ज्यांचं कार्ड आजच कोरं आहे, त्यांनी आशा सोडू नये, पण उशीरही करू नये. राहिलेली मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, थांबली तिथून पुढे चालते. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आणि पोलिओचे थेंब सरकारी केंद्रात पाच वर्षांपर्यंत मिळतात. रोटा, पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची सुरुवात मात्र वर्षाच्या आतच व्हावी लागते. वर्ष उलटलेल्या मुलासाठी डीपीटी आहे, सात वर्षांपर्यंत. सातवा वाढदिवस झाला की सरकारी केंद्रात उरते ती टीडी. तिच्यात धनुर्वात आणि घटसर्प यांचे घटक आहेत, डांग्या खोकल्याचा नाही.